उत्पन्नाचा कर्ता

13 एप्रिलला रात्री नऊ वाजता मी आईशी खोटं बोललो, आणि तेही बायबलवरून.

खोटं तसं काही फार मोठं नव्हतं. आईचा रोज नऊला नगरहून फोन येतो, तिचे प्रश्न ठरलेले. जेवलास का, वाघोलीत पाणी आलं का, पोरीचा खोकला कसाय, आणि सगळ्यात शेवटी, फोन ठेवता ठेवता, "आज काय वाचलं?" हा शेवटचा प्रश्न खरं म्हणजे पप्पांचा. पप्पा गेले तेव्हापासून तो आईकडे आला, जशी त्यांची छत्री आणि बँकेचं पासबुक तिच्याकडे आलं तसा. तर त्या दिवशी तिनं विचारलं आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "स्तोत्रसंहिता." ती म्हणाली, कितवं? मी म्हणालो, एकशेएकवीस. ती "बरं बरं, छान" म्हणाली आणि फोन ठेवला. मी खरंतर त्या दिवशी लेवीय तेरा (बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय) वाचलं होतं. म्हणजे वाचलं होतं असं अ‍ॅप म्हणत होतं.

झालं होतं असं की 1 जानेवारीला मी, दर वर्षी लाखभर लोक करतात तसा, रोज बायबल वाचायचा संकल्प केला होता. मोबाईलवर अ‍ॅप घेतलं, रोज एक अध्याय, उत्पत्तीपासून सरळ. उत्पत्तीचे पन्नास, निर्गमचे चाळीस, मग लेवीय. पहिला महिना मी खरंच वाचायचो, सकाळी साडेपाचला उठून, दिवा लावून, शेजारी वही-पेन घेऊन (वहीत पहिली अकरा पानं भरलीत, बाकी कोरी आहेत, लेकीनं मागून मांजरं काढलीत). मग ते घरून सरकत सरकत चहाबरोबर आलं, चहावरून लिफ्टमध्ये, आणि मार्चअखेर, म्हणजे अकाऊंट्सवाल्यांचा जो काय नरक असतो त्या दिवसांत, ते खराडी बायपासच्या सिग्नलला येऊन थांबलं. तो सिग्नल लांबलचक आहे, तुम्हाला माहितीये. मी गाडीवर बसल्या बसल्या अ‍ॅप उघडायचो, अंगठ्यानं अध्याय खालपर्यंत सर्रकन ढकलायचो, तळाशी बरोबरची हिरवी खूण यायची आणि वर झळकायचं, अभिनंदन, सलग 103 दिवस. मागचा रिक्षावाला हॉर्न मारायचा. देवाशी माझी भेट संपलेली असायची.

आणि ते अभिनंदन वाचून मला बरं वाटायचं हो. खोटं कशाला बोलू.

पण आईला एकशेएकवीस सांगितल्यापासून काहीतरी टोचत राहिलं. खोटं बोललो म्हणून नाही फक्त. ऑफिसात व्हेंडरला "पेमेंट प्रोसेसमध्ये आहे" असं मी दिवसातून चारदा सांगतो, त्याचं काही वाटत नाही. टोचत हे होतं की घाबरल्यावर तोंडात आलं ते एकशेएकविसावंच का आलं. तेवीस का नाही? तेवीस तर सगळ्यांनाच येतं.

आमच्या नगरच्या घरी रोज रात्री उपासना व्हायची. जेवणाआधी, हे महत्त्वाचं, कारण आईचं म्हणणं जेवल्यावर सगळे पेंगतात. त्यामुळे माझ्या आठवणीत प्रार्थनेला कायम कालवणाचा वास आहे. सतरंजी अंथरायची, आधी एक गीत, उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक बघायची गरज कुणालाच नसायची. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गाणी असली की आजी पुढे सरसावून बसायची. हा माणूस 1895 मध्ये ख्रिस्ती झाला पण कानात बसलेले अभंग आणि ओव्या बरोबर घेऊन आला, ते एक फार बरं झालं, नाहीतर विलायती चालींवर ओढूनताणून बसवलेल्या ओळींवर आजी कधी डोलली नसती. मग शास्त्रपाठ. आळीपाळीनं एकेक वचन वाचायचं, ज्याला अवघड नावं येतील तो गेला. मग सोनेरी वचन म्हणायचं ज्याचं त्यानं, आणि मी अन माझा भाऊ रोज एकच म्हणायचो, "येशू रडला." योहान अकरा पस्तीस. दोन शब्द, काम खल्लास. जगातल्या कुठल्याही संडे स्कूलच्या पोराला विचारा, हेच पाठ असतं. पप्पांनी एकदा वैतागून सांगितलं की उद्यापासून येशूला रडवायचं नाही, तेव्हा भाऊ म्हणाला, मग मी हसवू का.

शेवटी पप्पांची प्रार्थना, ती लांब. हे दयाळू स्वर्गीय पित्या पासून सुरू व्हायची, मग आभार, मग आजारी, मग प्रवासातले, तुरुंगातले, राज्यकर्ते, पाऊस, औरंगाबादचे काका, त्यांचा गुडघा. मी एक डोळा उघडून भाकऱ्यांच्या टोपल्याकडे बघायचो. "येशूच्या नावाने मागतो म्हणून ऐक" आलं की आम्ही "आमेन" असं ओरडायचो की पलीकडच्या घरात कळायचं यांचं झालं, आता जेवतील.

आजीचं वेगळंच होतं. तिला अक्षरओळख नव्हती. राहुरीकडच्या खेड्यात तिच्या लहानपणी मिशनची बायबलबाई यायची, बायकांना ओट्यावर बसवून एकेक ओळ म्हणून घ्यायची, तेवढंच तिचं शिक्षण. तेवढ्यात तिनं सतरा-अठरा स्तोत्रं, डोंगरावरचं प्रवचन बरंचसं, आणि योहानाचा चौदावा असं सगळं पोटात साठवलं होतं. ती म्हणायची कधी? कधीही. ज्वारी निवडताना, पाय चोळताना, एसटीची वाट बघताना. ओठ हलत राहायचे, आवाज जेमतेम, मधेच "ते मांजर हाकल गं" आणि परत पुढची ओळ जिथं सोडली तिथून. आणि शब्द तिचे स्वतःचे. एकशेएकविसाव्या स्तोत्रात आहे ना, "आकाश व पृथ्वी ह्यांचा उत्पन्नकर्ता जो परमेश्वर त्याच्यापासून मला साहाय्य येते." आजी म्हणायची, आकाश नि पृथ्वी यांच्या उत्पन्नाचा कर्ता. उत्पन्न म्हणजे उत्पन्नच, पोती किती झाली ते. तीन एकर कोरडवाहूवाल्या बाईला देव दुसरा कसा दिसणार.

मी कॉलेजला पुण्यात आलो आणि इंग्रजी चर्चच्या तरुण पोरांमधे मिसळायला लागलो. तिथं गिटार, कॅम्प, आणि "क्वाएट टाइम" नावाची एक गोष्ट. रोज सकाळी एकट्यानं, स्वतःच्या शब्दांत, मनापासून. पाठांतर म्हणजे मेलेला धर्म, असं मला कुणीतरी फार जोरात पटवलं. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो आणि एकोणीस वर्षांच्या पोराला जेवढी अक्कल असते तेवढी सगळी वापरून आजीला सांगितलं, आजी, नुसतं पुटपुटून काय होतं, अर्थ कळून मनापासून प्रार्थना केली पाहिजे. ती गव्हातले खडे काढत होती. हात थांबवला नाही. म्हणाली, "पोटात आसलं तर वर यील ना बाबा." मला वाटलं तिला मुद्दाच कळला नाही.

स्वतःच्या शब्दांतली माझी प्रार्थना किती टिकली सांगू? दोन वर्षं. मग नोकरी लागली, मग लग्न, मग एकदम अकरा वर्षं काहीच नाही. चर्चला जायचो, नाही असं नाही, नाताळ-ईस्टर तर जायचोच, पण रोजचं म्हणून काही नव्हतं. स्वतःच्या शब्दांचं असं आहे की ते संपतात. माझे शब्द तर दिवसभर ऑफिसात खर्च होऊन यायचे, रात्री डोळे मिटले की मनात मेलच्या मसुद्यासारखं काहीतरी तयार व्हायचं, कृपया वरील विषयात लक्ष घालावे. म्हणून अ‍ॅपला मी सरसकट शिव्या देणार नाही. हिरव्या खुणेच्या लोभानं का होईना, फेब्रुवारीत मी योसेफाची गोष्ट परत वाचली आणि तो भावांसमोरून उठून आतल्या खोलीत जाऊन रडतो तिथं माझ्याही घशात काहीतरी अडकलं. हे श्रेय अ‍ॅपचंच.

आमच्या पाळकसाहेबांना मी एकदा सहज विचारलं, साहेब हे रोजच्या वाचनाचं शेड्यूल-बिड्यूल बरोबर आहे का. (आईशी खोटं बोललो ते नाही सांगितलं, पाळकसाहेब आईला ओळखतात.) ते हसले. म्हणाले शेड्यूलवाले लोक आजचे नाहीत. 1842 मध्ये स्कॉटलंडातल्या डंडीत मॅकशेन नावाचा तरुण पाळक होता, त्यानं आपल्या मंडळीसाठी रोज चार अध्यायांचा तक्ता बनवला, वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार अन स्तोत्रं दोनदा. लोक अजून वापरतात. पण तक्त्याच्या आधी त्यानं धोके लिहून ठेवलेत, की हे नुसतं रीत म्हणून होईल, वाचतो म्हणून माणूस स्वतःला फार शहाणा समजेल, घाईत निष्काळजीपणे वाचलं जाईल, आणि काहींना हे ओझंच होईल. पुढच्या वर्षी तो गेला, एकोणतिसाव्या वर्षी. मी म्हटलं साहेब, सिग्नल नव्हते तेव्हा, तरी त्याला माहीत होतं. ते म्हणाले, कोणते सिग्नल? मी विषय बदलला.

मग त्यांनीच आणखी एक सांगितलं, ते जास्त डोक्यात बसलं. पहिल्याच स्तोत्रात धन्य माणूस रात्रंदिवस मनन करतो असं आहे, तर तिथं मुळात हिब्रू शब्द जो आहे, हागा, त्याचा अर्थ आपण समजतो तसा डोळे मिटून गहन विचार वगैरे नाही. पुटपुटणं, गुरगुरणं. यशयाच्या पुस्तकात सिंह शिकारीवर बसून गुरगुरतो तिथं हेच क्रियापद, आणि पारवा घुमतो तिथंही हेच. म्हणजे मनन हे तोंडानं करायचं काम. आणि जुन्या युरोपातले मठवासी तर त्याला चक्क रवंथ म्हणायचे, गाईसारखं. बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या एका मठाधिपतीनं लिहिलंय की वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे तो चावणं, आणि प्रार्थनेतून त्याची चव निघते. मी घरी येऊन लेवीय अकरा उघडलं, तेच, जे अंगठ्यानं ढकललं होतं, 11 एप्रिलला. तिथं लिहिलंय की शुद्ध पशू कोणता, तर खूर दुभंगलेला आणि रवंथ करणारा.

म्हणजे आजी पास, मी नापास.

पण हे कळून माझ्यात काही फरक पडला म्हणता? नाही. दुसऱ्या दिवशी सिग्नलला परत अंगठा. सवय ही अशी भारी गोष्ट आहे की खोटी असली तरी सवयच असते.

6 जूनला ऑफिसात स्टॉक क्लोजिंग होतं, निघायलाच साडेदहा झाले. त्या रात्री वळवाचा असा काही पाऊस आला की मुंढव्याच्या पुलावर गाडी ढकलत आणली. सोसायटीत पोचलो साडेअकराला, ओलाचिंब, आणि लिफ्टमध्ये शिरताना आठवलं की आज अ‍ॅप उघडायचं राहिलंय. बाराच्या आत खूण नाही केली तर सगळं शून्यावर येतं. फोन काढला. तेवढ्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू धावत आल्या, "थांबा थांबा", कुणाच्या तरी रिसेप्शनहून परत येत होत्या, जरीची साडी, केसात गजरा, हातात स्टीलचा डबा. दार लागलं, चौथा मजला गेला आणि लाईट गेली. सोसायटीचा जनरेटर आहे, पण त्यात डिझेल नसतं.

अंधार म्हणजे काय असतो ते बंद लिफ्टमध्ये कळतं. मी मोबाईलचा टॉर्च लावला, घंटीचं बटण दाबलं, घंटी वाजली पण ऐकायला वॉचमन कुठंय, तो पावसाचं पाणी बेसमेंटमधून बाहेर काढत होता. नेटवर्क तर नाहीच. पाच मिनिटं आम्ही मेंटेनन्सला शिव्या घातल्या. मग काकू गप्प झाल्या, त्यांचा श्वास मोठा यायला लागला, त्या खाली बसल्या, आणि बसल्यावर त्यांचे ओठ हलायला लागले. रामरक्षा. मला ती येत नाही पण ओळखू येते, शाळेत ऐकलीय, डोक्यापासून सुरू होऊन पायापर्यंत एकेक अवयव देवाच्या स्वाधीन करत जाते. मीही समोर टेकून बसलो. माझं छातीत धडधडत होतं, उगाच कशाला लपवू, मला बंद जागेची भीती वाटते. आणि एक-दोन मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मीही काहीतरी म्हणतोय. मी आपली दृष्टी डोंगरांकडे लावतो, मला साह्य कुठून यील. डोंगर कुठला, समोर लिफ्टचा पत्रा. तो तुझा पाय घसरू देणार नाही, तुझ्या रक्षकाला डुलकी लागत नाही. आणि मधली ओळ आली तेव्हा तोंडातून स्पष्ट बाहेर पडलं, उत्पन्नाचा कर्ता. आजीचं. चूक जशीच्या तशी, तिच्या राहुरीकडच्या हेलासकट. मला ते पाठ आहे हेच मला माहीत नव्हतं, कुणी विचारलं असतं तर नाही येत म्हणालो असतो. मोगऱ्याचा वास, ओल्या कपड्यांचा वास, दोन माणसं दोन कोपऱ्यांत दोन वेगळ्या भाषांत पुटपुटताहेत, एकमेकांच्या मधे मधे येताहेत. संपलं की परत पहिल्यापासून. कितीदा झालं मोजलं नाही.

लाईट आली तेव्हा काकू म्हणाल्या, "तुमचंपण स्तोत्रच असतं का हो?" मी म्हटलं, हो काकू, स्तोत्रच म्हणतात. त्यांनी डबा उघडून मला बुंदीचा लाडू दिला. घरात शिरलो, बारा वाजून नऊ मिनिटं, फोनला नेटवर्क आलं. अ‍ॅप म्हणालं, तुमची साखळी तुटली. 156 वरून शून्य. वर्षभरात ज्या एका दिवशी मी काही मागितलं म्हणावं असं मागितलं, तो दिवस धरला गेलाच नाही.

मी चिडलो होतो, हे कबूल करतो. हसू यायला दोन दिवस लागले.

त्या दोन दिवसांत अ‍ॅपच्या क्रमाप्रमाणे अनुवाद नावाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय आला असता, तो मी मग पुस्तकातच वाचला, पप्पांच्या जाड काळ्या पवित्र शास्त्रात. हे शब्द मुलाबाळांच्या मनावर बिंबव, घरी बसला असता, वाटेनं चालत असता, निजता-उठता त्यांविषयी बोलत जा, असं आहे तिथं. त्याच्याच जरा आधी ती ओळ आहे, हे इस्राएला ऐक. आपल्या कोकणात कुलाब्याकडे, म्हणजे आताच्या रायगडात, बेने इस्राएली ज्यू लोक शेकडो वर्षं तेलाच्या घाण्यावर राबत राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांच्याकडे ना ग्रंथ उरले होते ना शिकवणारे, हिब्रू विसरून गेले, पण ही एवढी एक प्रार्थना, शमा, त्यांच्या तोंडात राहिली आणि लग्न असो बारसं असो मयत असो ते तीच म्हणायचे, असं सांगतात. मी त्या घाण्याचा विचार करत बसलो बराच वेळ. बैल गोल फिरतोय आणि माणूस न कळणाऱ्या भाषेतली एक ओळ म्हणतोय. त्याला कुणी विचारलं असेल का, मनापासून म्हणतोस की पाठ आहे म्हणून.

आता काय करतो, तर फार काही नाही. एकशेएकोणिसावं स्तोत्र काढलंय, ते सगळ्यात लांब, 176 वचनं, पण त्याचे आठ-आठ वचनांचे बावीस तुकडे आहेत, हिब्रू मुळाक्षरांप्रमाणे, आलेफ, बेथ, गीमेल असे. एक तुकडा घ्यायचा आणि सकाळी डायनिंग टेबलाशी मोठ्यांदा वाचायचा, तोच, आठवडाभर. बायको डबा भरत असते, ती म्हणते कालचंच आहे ना हे. लेक व्हॅनची वाट बघत बुटाची लेस बांधत असते, ती म्हणते बाबा हळू. कधी दोन दिवस चुकतं. अ‍ॅप फोनमध्ये आहे अजून, काढून टाकायला हात होत नाही, रोज सातला एक नोटिफिकेशन येतं की आम्हाला तुमची आठवण येते. येऊ दे.

आणि परवा आईला सांगून टाकलं. नऊचा फोन होता, पाणी-खोकला झालं, "आज काय वाचलं?" आलं, मी म्हटलं, आई, एप्रिलमधे तुला एकशेएकवीस म्हणालो होतो ना, ते खोटं होतं, त्या दिवशी लेवीय तेरा होतं आणि तेही मी वाचलं नव्हतं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती म्हणाली, "लेवीय तेरा? ते चट्ट्यांचं? पांढरा केस, तांबूस डाग, याजकाला दाखवा ते?" मी म्हटलं हो. "अरे ते कोण वाचतं! तुझे पप्पा तो अध्याय आला ना की म्हणायचे आज पाहुणे आहेत, आज स्तोत्र घेऊ. एकोणसाठ वचनं, जेवणाच्या आधी, शी." मी म्हटलं, पण पाहुणे नसायचे कधी. "मग? नसायचेच," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, तू लहानपणीपण घाबरलास की एकशेएकवीसच म्हणायचास, दातवाल्याकडे नेलं होतं तेव्हा खुर्चीत बसून, तोंडात कापूस असताना. मला हे अजिबात आठवत नाही.

"बरं म्हण आता," ती म्हणाली. मी सुरू केलं. दुसऱ्या ओळीला मी नीट, पुस्तकातल्यासारखं "उत्पन्नकर्ता" म्हणालो तर मागून सोफ्यावरून लेक ओरडली, "बाबा, तसं नाहीये ते!"

आईनं विचारलं, काय म्हणाली रे ती, जरा तिच्याकडे दे फोन.